मालगुंडला केशवसुतांचं घर बघायला जाताय? मग घाई करू नका, आणि जायच्या आधी चार कविता वाचून जा

गणपतीपुळ्याला जाणारे हजारो लोक असतात आणि त्यातले बरेच जण 'जवळच एक कवीचं घर आहे म्हणे' म्हणून मालगुंडला पंधरा मिनिटं टेकून येतात, दोन फोटो, तुळशीपाशी एक सेल्फी आणि परत गाडीत कारण पुढे जयगड करायचंय. मी पण पहिल्यांदा अशीच गेले होते, ऑफिसच्या ग्रुपबरोबर, आणि खरं सांगते काहीच लक्षात राहिलं नाही, एक कौलारू घर बघितलं एवढंच. नंतर आईला घेऊन गेले, मग भाचीला घेऊन, तेव्हा कुठे कळलं की हे घर बघायची एक पद्धत आहे. ती पद्धत लिहून ठेवावी म्हणून हे सगळं, कारण दरवर्षी दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी कोणी ना कोणी मला विचारतंच.

आधी कोणाचं घर ते नीट सांगते, कारण मुलं सोडाच, मोठ्यांचापण गोंधळ होतो. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. केशवाचा मुलगा म्हणून केशवसुत. जन्म १८६६ चा, मालगुंडचा, वडील शाळामास्तर. एका गावात राहून शिक्षण झालंच नाही, खेड, बडोदा, वर्धा, नागपूर असं फिरत फिरत पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक झाले ते १८८९ ला, म्हणजे तेविसाव्या वर्षी. मग मुंबईत कमी पगाराच्या नोकऱ्या, मग खानदेशात फैजपूरला शिक्षक, १९०४ ला धारवाडच्या हायस्कूलमध्ये, आणि ७ नोव्हेंबर १९०५ ला हुबळीत प्लेगनं गेले. चाळिशी पण गाठली नाही आणि पाठोपाठ काही दिवसांत बायकोही गेली. मागे राहिल्या जेमतेम सव्वाशे-दीडशे कविता, आणि त्याही जिवंतपणी पुस्तकात आल्या नाहीत, हरि नारायण आपट्यांनी पुढाकार घेऊन संग्रह काढला तो १९१६ ला. आणि एवढ्याशा कवितांवर पुढची सगळी मराठी कविता वळली. हे डोक्यात ठेवून गेलात तर ते छोटं घर वेगळं दिसतं, कारण हा माणूस या घरातून बाहेर पडला तो आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावात, भाड्याच्या खोल्यांमध्ये राहिला.

आता तयारी. म्हणजे कविता. संपूर्ण संग्रह वाचा असं मी म्हणणार नाही, चार पुरे, पण त्या मोठ्यानं वाचायच्या, मनातल्या मनात नाही. पहिली 'तुतारी', १८९३ ची. शाळेत पाठ केलेली असते पण आपण ती घाईघाईत म्हणून टाकतो. तिच्या ओळीत सोळा मात्रा आहेत, आठ-आठच्या दोन ठेक्यात मोडते, 'एक तुतारी द्या मज | आणुनि' असं मधेच तोडू नका, टाळी देत म्हणून बघा, मुलांना पाच मिनिटांत जमतं. दुसरी 'आम्ही कोण?', ही फैजपूरची, १९०१. चौदा ओळींचं सुनीत आहे, म्हणजे इंग्रजीतलं सॉनेट, आणि वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे आपल्या लग्नातल्या मंगलाष्टकांचं. विश्वास बसत नसेल तर 'आम्ही कोण म्हणूनि काय पुसता, आम्ही असू लाडके' ही ओळ मंगलाष्टकाच्या चालीत म्हणा, चपखल बसते. माझ्या आईनं गाडीत म्हणून दाखवली आणि ड्रायव्हर काकांनी पुढची ओळ विचारली, इतकी ती ओळखीची वाटते. तिसरी 'झपूर्झा', हीपण १८९३ चीच. हा शब्द मुलींच्या खेळातला आहे, झिम्मा खेळताना 'जा पोरी जा' भरभर म्हटलं की जो आवाज होतो तो. घरातल्या आजी-मावशीला विचारा, त्या करून दाखवतील आणि मग कवितेतलं ते गरगरणं आपोआप कळतं, अर्थ सांगावा लागत नाही.

चौथी तुमच्या आवडीची निवडा. मी 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यांस' सुचवेन, कारण ती कोकणाच्या आठवणीची आहे. घाटावर राहणाऱ्या माणसाला नैर्ऋत्येकडून येणारा वारा म्हणजे कोकणावरून आलेला वारा, हे नकाशावर मुलांना दाखवा. पाऊस घेऊन येणारा वारा तोच. जरा मोठी मुलं असतील, आठवी-नववीची, तर 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' वाचा (अंत्यज म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतला), आणि 'मजुरावर उपासमारीची पाळी'. १८८८-८९ च्या आसपास एक बावीस-तेवीस वर्षांचा, मॅट्रिकची परीक्षा देणारा ब्राह्मण घरातला मुलगा हे लिहीत होता, त्याबद्दल शाळेत फार बोललं जात नाही आणि बोललं पाहिजे.

प्रिंट काढून न्या. मोबाइलवर नको, किनाऱ्यालगत नेटवर्क कधी येतं कधी जातं, शिवाय उन्हात स्क्रीन दिसत नाही. मोठ्या अक्षरात, एका पानावर एक कविता.

जायचं कसं. मुंबईकडून येत असाल तर गोवा हायवेनं संगमेश्वर सोडून पुढे निवळी फाटा, तिथून आत वळायचं, जाकादेवी, चाफे करत गणपतीपुळे. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा आणि मग निवळी. रत्नागिरीत मुक्काम असेल तर समुद्राच्या कडेचा आरे-वारेचा रस्ता घ्या, साधारण २५ किलोमीटर, हा रस्ता दिवसाउजेडी करायचा, आरे-वारेच्या चढावर थांबून खाली समुद्र बघायचा. गुहागरकडून येणाऱ्यांना तवसाळ-जयगड फेरीबोट आहे, गाडी बोटीत घालून पलीकडे यायचं, मुलांना हाच भाग सगळ्यात आवडतो. ट्रेननं आलात तर कोकण रेल्वेचं रत्नागिरी स्टेशन, मग एसटी नाहीतर रिक्षा. एसटीनं जाणाऱ्यांनी परतीची गाडी कितीला आहे हे उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवायचं, संध्याकाळी गाड्या कमी होतात. गणपतीपुळ्यापासून मालगुंड दीड-दोन किलोमीटर, सकाळच्या वेळी चालतसुद्धा जाता येतं.

दिवस निवडताना एक सांगते. शनिवार-रविवार, संकष्टी आणि अंगारकी टाळा. अंगारकीला पुळ्यात पाय ठेवायला जागा नसते आणि ती गर्दी दर्शन झाल्यावर इकडेतिकडे पसरते. मंगळवार ते गुरुवार सगळ्यात शांत, अर्थात अंगारकी नसेल तर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान. मे महिन्यात घामानं जीव जातो पण आंबे असतात, त्यामुळे ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला स्वतःला पावसाळ्यातलं आवडतं, सप्टेंबरात, जोर ओसरलेला असतो, आवार हिरवंगार, घाटात मात्र सांभाळून. उघडायची-बंद व्हायची वेळ तुम्ही जिथे राहताय तिथल्या माणसांना आदल्या दिवशी विचारा, त्यांना नक्की माहीत असतं, आणि दुपारी ऐन जेवणाच्या वेळेला जाऊन उभे राहू नका. सकाळी लवकर दर्शन, नाश्ता, आणि मग साडेनऊ-दहाला मालगुंड, हा क्रम मला सगळ्यात चांगला वाटला. हातात दोन तास ठेवा. दोन तास म्हटलं की लोक हसतात, 'एवढ्याशा घरात दोन तास काय करणार', तेच सांगते.

पोचल्यावर लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून बघा. जुन्या पद्धतीचं कोकणी घर आहे, उतरतं कौलारू छप्पर, पुढे अंगण, तुळस. छपराची कड किती खाली आलीय बघा. कोकणातल्या अशा सगळ्या घरांचं असंच असतं आणि त्याला कारण तोच नैर्ऋत्येचा वारा, पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो, म्हणून छप्पर भिंतीवर टोपीसारखं ओढून घेतलेलं असतं. पूर्वी दर वर्षी पावसाच्या आधी कौलं परतायला लागायची, फुटलेली काढून नवी बसवायची, खालची वाशे-रिपा बघायची, वाळवी लागलीय का बघायची. असं घर एक पावसाळा दुर्लक्षित राहिलं तर गळायला लागतं आणि तीन-चार पावसाळे राहिलं तर बसतं. ज्यांचं गावी घर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे हे घर आज उभं आहे ते आपोआप उभं नाही, कोणीतरी दर वर्षी हात लावतंय म्हणून उभं आहे.

ते कोणी केलं तेही माहीत असू द्या. १९९१ मध्ये मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकारानं कोकण मराठी साहित्य परिषद सुरू झाली, लोक तिला कोमसापच म्हणतात. या कोमसापनं हे स्मारक उभं केलं, आणि १९९४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं ते कुसुमाग्रजांच्या हस्ते. आपल्याकडे नेत्यांच्या नावाची स्मारकं पायलीला पन्नास, कवीच्या जन्मघराला हात लावायचा तर लिहिणाऱ्यांनाच एकत्र यावं लागलं, आणि ते आले, याचं मला खूप कौतुक वाटतं. कवी जाऊन तोवर जवळजवळ नव्वद वर्षं झाली होती.

मग चपला काढून आत. आत शिरताना डोकं सांभाळा, जुन्या दारांच्या चौकटी ठेंगण्या असतात. आत गेलं की आपण वस्तू बघायला लागतो, हे काय ते काय, जुनी भांडी, जुनं सामान. वस्तू बघाच, पण त्याआधी एक मिनिट मध्ये उभं राहून उजेड बघा. बाहेर लख्ख ऊन आणि आत मऊ सावली, डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. अशा घरात बाहेरून आत जाताना ओटीवर पाहुणे, माजघरात घरची माणसं, त्याच्या आत स्वयंपाकघर आणि देव, अशी पायरी-पायरीनं खाजगी होत जाणारी रचना असते. मुलांना विचारा, आपल्या फ्लॅटमध्ये पाहुणा कुठपर्यंत येतो? माझी भाची म्हणाली, 'फ्रीजपर्यंत'. मग तिला या घराची रचना बरोबर कळली.

भिंतींना टेकू नका, वस्तूंना हात लावू नका, फोटो काढायचे तर विचारून काढा. आणि मोठ्यानं व्हिडिओ कॉल करू नका, हे सांगायला लागू नये पण सांगतेय.

इथे एक गोष्ट जरूर सांगा, मुलांना आवडते. कवीचे सख्खे भाऊ मोरो केशव दामले, ते मोठे व्याकरणकार. त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं, आजही मराठी व्याकरणाचा अभ्यास करणारे तेच उघडतात. एका मास्तरांची दोन मुलं, एकानं भाषेचे नियम शोधून मांडले आणि एकानं कवितेचे जुने साचे मोडून इंग्रजी सॉनेट मराठीत आणलं.

घर झालं की आवारात या, आणि खरा वेळ इथे द्या. केशवसुतांच्या कविता दगडांवर कोरून लावलेल्या आहेत. लोक इथून नुसते चालत जातात, चालत चालत कविता वाचता येत नाही हो! आम्ही असं केलं, प्रत्येकानं एक दगड घ्यायचा, त्याच्यासमोर पाच मिनिटं थांबायचं, आणि मग बाकीच्यांना ती कविता मोठ्यानं वाचून दाखवायची. समजलं नाही तरी चालेल. अडलेल्या शब्दाला गोल करायचं, म्हणजे आपल्या प्रिंटवर, दगडावर नाही. आईनं 'आम्ही कोण?' वाचली, शेवटच्या दोन ओळी तिला पाठच होत्या, 'आम्हांला वगळा, गतप्रभ झणी होतील तारांगणे', चाळीस वर्षांपूर्वी शाळेत शिकलेली, मास्तरांच्या नावासकट आठवली. ती वाचत होती तेव्हा बाजूनं जाणारं एक अनोळखी कुटुंब थांबलं आणि त्यांच्यातले आजोबा तिच्याबरोबर म्हणायला लागले. दोघांचा आवाज जरा कापत होता. मी रेकॉर्ड केलं नाही आणि बरं झालं.

आता भाचीचा प्रश्न. ती सातवीत होती तेव्हा. 'तुतारी' तिनं आधी वाचलेली होती, त्यात ते प्रसिद्ध कडवं येतं:

जुने जाउं द्या मरणालागुनि
जाळुनि किंवा पुरुनि टाका
सडत न एक्या ठायी ठाका
सावध! ऐका पुढल्या हाका

तिनं ते वाचलं, मागे वळून घराकडे बघितलं आणि म्हणाली, मावशी, ते तर म्हणतायत जुनं जाळून टाका, मग यांनी त्यांचंच जुनं घर का ठेवलं? मला एकदम उत्तर सुचलं नाही. तुम्हालाही कोणीतरी हे विचारेल, विचारलंच पाहिजे, म्हणून सांगून ठेवते, उत्तर द्यायची घाई करू नका, त्या कडव्याची तिसरी ओळ परत वाचायला लावा. त्यांचा राग जुन्या वस्तूवर नाही, एका जागी सडत बसण्यावर आहे. आम्ही त्यावर अर्धा तास बोललो, आवारातच बसून. घर कधी सडतं? कुलूप लावून ठेवलं की सडतं, ती म्हणाली, आमचं गावचं सडलंय. मग विचारलं, कविता कधी सडते? जरा थांबून म्हणाली, फक्त परीक्षेसाठी पाठ केली की. मी काही शिकवलं नाही, तिचं तिनं काढलं, आणि मला वाटतं त्या घरात बसूनच ते निघालं, वर्गात निघालं नसतं.

एवढं झाल्यावर दालनात जा, केशवसुतांनंतरच्या मराठी कवींची ओळख करून देणारं दालन आहे, फोटो आणि कविता. इथे पण सगळं वाचायचा प्रयत्न करू नका, डोकं भरून जातं. प्रत्येकानं आपल्याला माहीत असलेला एक कवी शोधायचा आणि अजिबात माहीत नसलेला एक. माहीत नसलेल्याचं नाव लिहून घ्यायचं आणि घरी आल्यावर त्याची एक तरी कविता मिळवून वाचायची. गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, स्वतःला केशवसुतांचा सच्चा चेला म्हणवायचे, त्यांच्यापासून सुरुवात केली तर धागा हाती लागतो. ग्रंथालयही आहे, वाचणारं कोणी बरोबर असेल तर त्याला तिथे सोडा आणि बाकीच्यांनी सावलीत बसा. पुस्तकं विकत मिळत असतील तर एखादं घ्या, आणि पेटी दिसली तर यथाशक्ती टाका, कौलं फुकट बदलत नाहीत.

शाळेची सहल नेणाऱ्या मास्तर-बाईंसाठी दोन शब्द जास्त. पन्नास मुलं एकदम आत नेऊ नका, घर लहान आहे, पंधरा-पंधराचे गट करा, एक गट घरात, एक आवारात कवितांपाशी, एक दालनात, आणि वीस मिनिटांनी बदला. माहिती लिहून आणा असा गृहपाठ देऊ नका, मुलं मान खाली घालून पाटी उतरवत बसतात आणि घर बघतच नाहीत. त्यापेक्षा झिम्मा खेळायला लावा आवारात, परवानगी घेऊन, आणि मग 'झपूर्झा' वाचा. नेण्याआधी स्मारकाला कळवून ठेवलंत तर तिथली माणसं आपणहून मदत करतील. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला जायचा मोह होतो सगळ्यांना, कारण तो कुसुमाग्रजांचा वाढदिवस आणि उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालेलं, छान जुळून येतं, पण त्या दिवशी गर्दी धरूनच चाला.

म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर छत्री, पाणी आणि एखादी घडीची खुर्ची गाडीत टाका. आईचे गुडघे दुखतात, तिला आम्ही सावलीत खुर्ची दिली आणि आम्ही कविता तिच्यापाशी आणून वाचल्या.

जेवायला मालगुंडात किंवा पुळ्यात घरगुती खानावळी आहेत, सकाळीच सांगून ठेवलं तर मोदक मिळतात, सोलकढी मागून घ्या. जेवून परत निघायची घाई नसेल तर मालगुंडचा समुद्र गाठा, गायवाडीचा किनारा, पुळ्यापेक्षा खूपच मोकळा. तिथे चौथी कविता वाचायची, नैर्ऋत्येच्या वाऱ्याची. तोंड समुद्राकडे, पाठ घाटाकडे, आणि कागद दोन्ही हातांनी घट्ट धरा, आमचा एक उडून गेला होता आणि भाची त्याच्यामागे पाण्यापर्यंत पळाली.